अक्कांपुढे चालताना

अक्का माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी टाच, मग घोटा, मग गुडघा, मग कंबर, मग खांदे, आणि एवढं सगळं न्याहाळून झाल्यावर सवड उरलीच तर चेहरा. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या ओळखीचं माणूस समोर येऊन उभं राहिलं तरी त्या अनोळखी नजरेनं बघत राहायच्या, आणि तेच माणूस खट्टू होऊन पाठ फिरवून चालायला लागलं की मागून हाक मारायच्या, "अरे, रमेश का तू? थांब की!" रमेशला राग यायचा. अक्कांना त्याचं काही वाटत नसे. "तोंडाचं काय, दाढी वाढवली की बदलतं," त्या म्हणायच्या. "चाल कुठे लपवशील?" हे त्यांचं वाक्य पुढे त्यांच्यावरच उलटलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

अक्का जळगावात फिजिओथेरपिस्ट होत्या. मूळच्या दोंडाईचाच्या. त्यांना नाव होतं, नावापुढे पदवी होती, दारावर पाटीही होती, पण त्या नावानं हाक मारणारं कोणी मला भेटलं नाही. डॉक्टरपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं काम चाले. एका खोलीत खाट, वाळूच्या पिशव्या आणि दोऱ्या. दुसरी खोली लांबट, तिथे नळाच्या पाइपांचे दोन कठडे आणि बंद पडलेल्या साडीच्या दुकानातून आणलेला पुरुषभर उंचीचा आरसा. साड्या अंगावर लावून बघण्यासाठी असलेल्या त्या आरशात अक्कांनी उभ्या जिल्ह्याचे पाय बघितले. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

माझा उजवा खुबा जन्मतःच जागेवर नव्हता. मी चालायला लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आल्यावरही "मोठी झाली की निघून जाईल" असं म्हणण्यात बरीच वर्षं गेली. ऑपरेशन झालं तेव्हा मी चांगली शाळेत जात होते. खुबा जागेवर बसला, चाल काही बसली नाही. वडील दीपनगरला नोकरीला होते, आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. बी.एड. होऊन शाळेत शिकवायला लागल्यावर कंबर दुखायला लागली तेव्हा वडिलांना कोणीतरी सांगितलं, की जळगावात आपल्याच भागातल्या एक बाई आहेत. वडील शिंदखेडा तालुक्यातले, दोंडाईचाही त्याच तालुक्यात, तेवढं नाव त्यांना पुरेसं होतं. दर शनिवारी बसमध्ये बसून, नशिराबादच्या फाट्यावर बस रिकामी व्हायची आणि पुन्हा भरायची वाट बघत, मी अक्कांकडे जायला लागले.

आलेल्या प्रत्येकाला अक्कांचा पहिला हुकूम एकच. शहरातल्या माणसाला "चालून दाखव," आणि खेड्यातल्या माणसाला अहिराणीत "चाल भाऊ, चालीसन दखाड." काय दुखतं, कधीपासून दुखतं, हे नंतर. मला हा हुकूम ऐकून दारातूनच परतावंसं वाटलं. कारण मुलगी बघायला येणारी माणसं अगदी हेच म्हणतात. आमच्याकडे अजूनही म्हणतात. मोबाइलवर फोटो बघून होतात, बायोडाटा वाचून होतो, तरी घरात आल्यावर मुलीला चालायला लावल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही. तोपर्यंत तीन-चार घरची माणसं माझी चाल बघून, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेली होती. मी अक्कांपुढे मान खाली घालून चालले. "मान वर," अक्का म्हणाल्या. "मी काय तुला पसंत करायला बसलेय का?"

चालणं या गोष्टीवर त्यांचं विलक्षण प्रेम होतं. लोक देवाधर्माविषयी बोलतात तसं त्या पोटरीविषयी बोलत. "आपल्याला वाटतं, स्नायू पाय ढकलतात," त्या म्हणायच्या. "बघायला गेलं तर निम्मा वेळ ते आवरत असतात." टाच जमिनीला लागली की नडगीवरचा स्नायू पाऊल हळूच खाली सोडतो. तो कमजोर झाला तर पाऊल फट्कन आपटतं, आणि ते फट् अक्कांना बाहेरच्या ओट्यावरूनच ऐकू येई. अंगाचा भार पायावर आला की गुडघा जरासा वाकतो, मांडीचा स्नायू त्याला तेवढंच वाकू देतो आणि तिथे धरतो. मग शरीर पावलावरून पुढे झुकतं, पोटरी त्याला मागून लगाम घालते आणि अगदी शेवटी एक रेटा देते. हवेतला पाय तर झोक्यासारखा आपसूक पुढे जातो. त्याला वेळेवर थांबवायचं काम मांडीच्या मागच्या स्नायूंचं. हे सगळं सांगताना त्या स्वतः खोलीभर सावकाश चालून दाखवायच्या, आणि खाटेवरचे पेशंट आपलं दुखणं विसरून त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत राहायचे.

माझी खोट त्यांनी मला तराजूवरून समजावली. एक पाय उचलला की सगळं अंग दुसऱ्या पायावर येतं. त्या वेळी कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलायला बघते, आणि खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू तिला कलू देत नाही. माझा उजवा स्नायू लहानपणापासून चुकीच्या जागी बसलेल्या हाडाशी झगडून दमलेला. त्यामुळे उजव्या पायावर उभी राहिले की डाव्या बाजूची कंबर खाली जाते, आणि पडू नये म्हणून मी अख्खी उजवीकडे झुकते. "म्हणजे तू लंगडत नाहीस," अक्का म्हणाल्या. "तोल सांभाळतेस. लंगडते ती बघणाऱ्याची नजर." असलं काहीतरी ऐकायला फार बरं वाटतं. पण सोमवारी शाळेत गेलं की पोरं मागून माझी नक्कल करत यायचीच. मी आता त्याचा राग करत नाही. एखाद्याला फारच हुबेहूब जमली तर मागे वळून शाबासकी देते.

एकदा मी आणि अक्का बसस्टँडवर उभ्या होतो. एक म्हातारबाबा काठी टेकत चालले होते. दुखरा पाय उजवा आणि काठीही उजव्याच हातात. अक्कांना राहवलं नाही. त्यांनी जाऊन सरळ बाबांच्या हातातली काठी काढून घेतली आणि डाव्या हातात दिली. बाबा असे काही भडकले की विचारू नका. "वं बाई, तू कोन मनी काठी लेनारी?" म्हणून त्यांनी सगळा स्टँड गोळा केला. मग तसेच रागारागात निघाले, काठी मात्र डाव्या हातातच राहिली, आणि थोडं पुढे जाऊन ते थबकले. पुन्हा चार पावलं टाकली. मागे वळून बघितलं आणि काठी तशीच डाव्या हातात धरून निघून गेले. अक्का लहान मुलीसारख्या हसल्या. "काठी चांगल्या हातात, ओझं वाईट हातात," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. ज्या बाजूचा खुबा दुबळा त्याच बाजूच्या हातात पिशवी धरली, तर ते वजन कंबरेला त्या बाजूला खाली ओढतं, आणि दमलेल्या स्नायूला तेवढीच मदत होते. बाजारहाट करणाऱ्या कितीतरी बायकांचं दुखणं त्यांनी नुसती पिशवी या हातातून त्या हातात देऊन कमी केलं होतं.

वर्षभरात माझी कंबर दुखायची थांबली. भिंतीला लागून कुशीवर झोपायचं आणि वरचा पाय बाजूला उचलायचा, पायाला वाळूची पिशवी बांधून पुन्हा उचलायचा, असला रटाळ व्यायाम अक्कांनी माझ्याकडून करून घेतला. झुकणं कमी झालं, गेलं मात्र नाही. आणि त्याच सुमारास धुळ्याचं स्थळ आलं.

मुलगा धुळ्याला आयटीआयमध्ये शिकवायचा. फोटो त्यांनी पसंत केला होता, नोकरी पसंत होती, आणि मधल्या माणसाच्या सांगण्यावरून आम्ही दोनदा फोनवर बोललोही होतो. त्याचा आवाज मला आवडला. उगीच हुशारी दाखवत नव्हता. त्याला शिकवायला आवडतं का असं मी विचारलं, तर म्हणाला, "पोरं मशीनला घाबरायची थांबली की आवडतं." हे सगळं आता वरवरचं वाटेल, पण मला तेव्हा ते लग्न मनापासून हवं होतं. पायाविषयी मी त्याला काही सांगितलं नाही. आईनं बजावलं होतं.

त्या शनिवारी आई माझ्याबरोबर जळगावला आली. अक्कांच्या खोलीत ती खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. "अक्का, पोरले सरळ चालता येवाले पाहिजे," ती म्हणाली. "रांधाघरपाइन सोफालगून. इतलंच. मंग कशी बी चालू दे."

अक्कांनी साफ नाही म्हटलं. "मी चाल सुधारते वहिनी, लपवत नाही. आधीच सांगून टाका त्यांना."

"सांगं ते येतीनच नई," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझ्या धाकट्या भावाचं लग्न माझ्यामुळे अडलं होतं, नातेवाइकांच्या घरी आई जायची बंद झाली होती, हे सगळं ती रडत रडत सांगत राहिली. अक्का माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"मला हे लग्न पाहिजे," मी म्हणाले.

अक्का उठल्या. खाटेखालून वाळूची पिशवी काढली आणि माझ्या उजव्या हातात दिली. "आरशाकडे बघत चाल."

मी चालले. आरशात माझे दोन्ही खांदे एका रेषेत होते. मी उजवा पाय टेकला, डावा उचलला, आणि कंबर जागची हलली नाही. जन्मापासून मी स्वतःला असं चालताना पाहिलं नव्हतं. मी आरशापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला रडू यायला लागलं, आई तर "देखा, देखा!" म्हणून टाळ्या वाजवत होती. अक्का हसल्या नाहीत. "ही चाल तुझी नाही, पिशवीची आहे," त्या म्हणाल्या. पण पिशवी परत मागितली नाही.

वाळूची पिशवी घेऊन पाहुण्यांपुढे जाता येत नाही. पण मुलगी आधी पाणी घेऊन जाते. आमच्याकडे आजीचा एक पितळी तांब्या होता, जाड पत्र्याचा, भरला की मनगट दुखवणारा. तो उजव्या हातात, दोन पेले डाव्या हातात. हे अक्कांनीच सुचवलं, आणि एकदा ठरवल्यावर मग त्यांनी त्यात काही कमी ठेवलं नाही. खुब्याचा स्नायू आणखी बळकट करून घेतला, पावलं थोडी आखूड करायला लावली, हात किती हलू द्यायचा ते शिकवलं. तांब्या नेऊन ठेवल्यावर काय, असं मी एकदा विचारलं. "टेबलाशेजारीच खुर्ची ठेवा. बसून राहायचं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवसांत जरा चिडकाच असायचा. इतर पेशंटांवरही त्या खेकसायच्या.

पाहुणे यायच्या दिवशी आईनं अक्कांना गळ घालून दीपनगरला बोलावून घेतलं. त्या आल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. "ही मन्ही मावसबहीन, दोंडाईचानी," अशी आईनं ओळख करून दिली आणि अक्का पंख्याखालच्या खुर्चीत आखडून बसून राहिल्या.

मी पाणी घेऊन बाहेर आले. स्वयंपाकघराच्या दारापासून सोफ्यापर्यंतची ती वाट मी इतकी सरळ चालले, की वडिलांनी नजर वर करून माझ्याकडे पाहिलं. मुलाकडे माझं लक्ष गेलं. फोटोपेक्षा तो सावळा होता आणि अवघडून बसला होता. मी त्याच्या वडिलांना पाणी दिलं, त्याच्या आत्याला दिलं. आत्या नऊवारीतल्या, डोळ्यांनी तीक्ष्ण. त्यांनी पाणी सावकाश पिऊन पेला खाली ठेवला.

"पानी पाजं, बेस करं," आत्या म्हणाल्या. "आते तांब्या ठेव आनि रिकामा हाते चालीसन दखाड, बेटा."

त्यांना काही संशय आला होता की ती नुसती रीत होती, ते मला कधीच कळलं नाही. मी अक्कांकडे बघितलं. त्या माझ्या पायांकडे बघत नव्हत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या आधी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी तांब्या टेबलावर ठेवला आणि चालले. उजव्या पायावर भार आला, कंबर डावीकडे खाली गेली, मी उजवीकडे झुकले. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. वर्षभरापूर्वी मी याहून कितीतरी वाईट चालायचे. पण आत्ताच ज्यांनी मला सरळ चालताना पाहिलं होतं त्यांना ते भयंकर दिसलं असणार. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. तो टेबलावरच्या तांब्याकडे बघत होता. मशीनवर काम करणारा माणूस, त्याला एका नजरेत कळलं.

पोहे कोणी खाल्ले नाहीत. फाटकापाशी मुलाचे वडील माझ्या वडिलांशी बोलत होते, मी खिडकीतून ऐकत होते. ते चिडले नव्हते, हेच जास्त लागलं. "पोर लंगडस म्हनीसन नई, भाऊ," ते म्हणाले. "तुमी लपाडं म्हनीसन. आज हाई निंघनं, उद्या आखो काय निंघी?"

अक्का चप्पल न घालता फाटकापर्यंत गेल्या. "ते मी शिकवलं तिला. मी तिची मावशी नाही, तिच्यावर उपचार करणारी आहे. पोरीचा दोष नाही."

त्या माणसानं हात जोडले. "मंग ताई, ते तुमीच सांगाले पाहिजे व्हतं," एवढं बोलून ते गाडीत बसले.

त्या संध्याकाळी अक्कांना बसपर्यंत सोडायला कोणी गेलं नाही. आईनं दार लावून घेतलं. पुढे कोणी धुळ्याच्या स्थळाचा विषय काढला की ती म्हणायची, "त्या बाईनी शिकाडं नसतं ते पोर आज धुयाले व्हती." आपण रडून गळ घातली होती हे ती सोयीनं विसरली. मी तिला त्याची आठवण करून दिली की आमचं भांडण व्हायचं, आणि त्यातून काही निष्पन्न व्हायचं नाही.

दोन महिन्यांनी कंबर पुन्हा दुखायला लागली तेव्हा मी घरी न सांगता अक्कांकडे गेले. त्यांनी नेहमीसारखं "चालून दाखव" म्हटलं नाही. नुसतं "झोप खाटेवर" म्हणाल्या. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. मी मात्र मनाशी ठरवलं होतं. पुढे जी दोन-तीन स्थळं आली, त्यांच्यापुढे मी पाणी आणायच्या आधीच रिकाम्या हातानं चालत गेले. तीही माणसं "कळवतो" म्हणून गेली. मग एके दिवशी मी अक्कांना म्हणाले, "बघा, लपवलं नाही तरी तेच झालं. धुळ्याच्या माणसानं तोंडदेखलं कारण सांगितलं. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका."

"त्याचं त्याच्यापाशी," अक्का म्हणाल्या. "कदाचित तो खरं बोलला असेल. तू आधी लंगडत आली असतीस आणि त्यानं हो म्हटलं असतं. ते घडायची संधीच मी दिली नाही." कधी वाटतं, तो माणूस खरंच सरळ होता. कधी वाटतं, आमच्या भागात लंगड्या मुलीला एवढ्या सहज कोण हो म्हणतं? दोन्ही गोष्टी मला आलटून पालटून पटतात, आणि दोन्हींचा त्रास होतो.

अक्का त्यानंतर बदलल्या. पोटरीविषयी बोलणं कमी झालं. सगळ्यात वाईट म्हणजे ओझं कोणत्या हातात धरायचं हे त्यांनी कोणाला सांगणंच सोडून दिलं. एकदा दवाखान्यात एक बाई आल्या, खुबा दुखतोय म्हणून कण्हत होत्या, आणि भाजीची भरलेली पिशवी चुकीच्या हातात. अक्कांना ते दिसलं नसेल हे शक्यच नव्हतं. त्या गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरसारख्या व्यायाम सांगून गप्प बसल्या. बाई दारापर्यंत गेल्या तेव्हा मला राहवेना. मी म्हणाले, "मावशी, पिशवी त्या हातात घेऊन बघा." बाईंनी घेतली, चालल्या, आणि आश्चर्यानं मागे बघितलं. मी अक्कांकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्यांचा फार राग आला. एका माझ्यापायी त्या इतक्या बायकांना अडवून बसल्या होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. "आता तू सांगतेस ना," त्या म्हणाल्या, "मग झालं."

पुढे एक दिवस त्यांनीच मला सांगितलं, "माझी उजवी चप्पल घासायला लागलीये." मला आधी कळलं नाही. त्या उठून आरशापुढे चालल्या. पावलं आखूड पडत होती, उजवा हात अंगाला चिकटून होता, हलतच नव्हता. "पाहिलंस? हात विसरला," त्या म्हणाल्या. जळगावच्या डॉक्टरांनी नंतर तपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन, सांगितला, पण त्याआधी कितीतरी दिवस अक्कांनी तो स्वतःच्या चपलेच्या आवाजावरून ओळखला होता. दुसऱ्याची चाल सुधारण्यात जन्म घालवलेल्या बाईला हे व्हावं याचा मला संताप आला. त्या मात्र शांत होत्या. काम बंद केलं, आरसा आणि पिशव्या दवाखान्यालाच देऊन टाकल्या, आणि दोंडाईचाला भावाच्या घरी राहायला गेल्या.

मी जमेल तसं भुसावळहून गाडीत बसून त्यांना भेटायला जायचे. दर खेपेला त्या थोड्या आणखी थांबलेल्या दिसायच्या. पुतणीनं खाटेपासून दारापर्यंत फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या आडव्या रेघा मारल्या होत्या. हेही अक्कांनीच सांगितलेलं. पाय जमिनीला खिळला की समोरची रेघ बघायची आणि ती ओलांडायची. आपण होऊन न उचलणारा पाय रेघ ओलांडायला मात्र उचलतो. सुरुवातीला त्या त्या रेघांवरून दारापर्यंत येऊन मला भेटायच्या. नंतर रेघा नुसत्याच राहिल्या.

शेवटची गेले तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. स्टेशनवरून चालत चालत गेले. अक्का भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. पुतणी म्हणाली, दोन दिवस कोणाला ओळखलं नाही. मी दारात चप्पल काढायच्या आत भिंतीकडून पुटपुटल्यासारखा आवाज आला, "ज्योती?"

"कसं ओळखलं, अक्का?"

"पाऊल वाजलं की."

पुतणीनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. त्या दुखण्यात चेहऱ्यावरचं सगळं हलणं थांबून जातं, डोळे तेवढे जागे राहतात. ओठ कोरडे पडलेले दिसले म्हणून मी दारापाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला. सवयीनं उजव्याच हातात. हे माझं आता कायमचं झालं आहे. बाजाराची पिशवी असो की शाळेतल्या वह्या, उजवाच हात पुढे होतो.

"ठेव तो," अक्का म्हणाल्या.

"पाणी पाजते ना आधी."

"ठेव खाली. रिकाम्या हातानं ये." मग श्वास घेऊन म्हणाल्या, "चालून दाखव."

किती तरी वर्षांत हे शब्द त्यांनी मला म्हटले नव्हते. मी तांब्या ठेवला. दारापासून खाटेपर्यंत त्या रंगीत रेघांवरून मी चालत गेले. आखूड पावलं नाहीत, काही नाही. उजव्या पायावर झुकत, कंबर जाईल तिकडे जाऊ देत, जशी मी चालते तशी. मला वाटलं, त्या टाचेपासून सुरुवात करतील, मग घोटा, मग गुडघा. पण त्या माझ्या पायांकडे बघतच नव्हत्या. मी खाटेशी पोहोचेपर्यंत त्यांची नजर माझ्या तोंडावर होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पायांकडे बघा ना, अक्का," मी म्हणाले.

"पाय माहीत आहेत मला," त्या म्हणाल्या. "आता पाणी दे."